गावोगावचं 'राम राम' आणि त्यानंतरची चार वाक्यं: जिल्ह्याजिल्ह्यांत काय चालतं, काय खटकतं?

नोंदवही (धागाकर्ता)

घरोघरी जाऊन पाहणी करणाऱ्या मुलामुलींसाठी एक टिपण करायचं आहे. बहुतेक जण पुण्या-मुंबईचे आहेत. त्यांना सिंधुदुर्ग, कोल्हापूर, लातूर, अकोला-अमरावती आणि नंदुरबार या भागांत जायचं आहे. प्रश्नावली, ओळखपत्र, टॅब सगळं तयार आहे, पण अंगणात शिरल्यावरची पहिली दोन मिनिटं बिघडतात. 'नमस्कार, मी अमुक संस्थेकडून आलोय, आपला थोडा वेळ मिळेल का?' असं म्हटलं की समोरच्याला वाटतं हा एक तर विमा विकतोय नाहीतर कर्जवसुलीला आलाय.

मला शब्दकोश नकोय. तुमच्या भागात माणूस भेटल्यावर आधी कोण बोलतं, काय बोलतं, त्याला उत्तर किती द्यायचं, संबोधन कोणतं वापरायचं आणि निघताना काय म्हणायचं, एवढं सांगा. कुठे चुकतं तेही सांगा. आणि एक नेमका प्रश्न: मुलांनी तिथली बोली बोलायचा प्रयत्न करावा का?

---

ऊसपट्टा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. बोली समजून घ्या, बोलू नका. पुण्याचा पोरगा कागलात येऊन 'काय म्हणतासा' म्हणाला की समोरच्याला ती नक्कल वाटते, आणि नक्कल म्हणजे चेष्टा. आपल्या साध्या मराठीत बोलावं, फक्त संबोधन तिथलं घ्यावं.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या दक्षिणेकडे अनोळखी पुरुषाला हाक मारतात ती 'पाव्हणं' म्हणून. 'काय पाव्हणं, कुणीकडं?' हा चौकशीचा सूर आहे, भांडणाचा नाही. शहरातली पोरं इथंच दचकतात आणि ओळखपत्र बाहेर काढतात. तसं करायचं नाही. उत्तर एका वाक्यात: 'इकडंच आलोय तुमच्या गावात, घरोघरी माहिती घ्यायला.' मग दुसरा प्रश्न येणारच, 'गाव कंचं?' इथे 'पुणे' म्हणून थांबू नये. मूळ गाव आणि तालुका सांगावा. तालुका सांगितला की त्याला तिथला एखादा पाहुणा, कारखाना नाहीतर जत्रा आठवते आणि बोलणं आपोआप पुढं सरकतं. तिसरा प्रश्न आडनावाचा. तो कशासाठी असतो हे सगळ्यांना माहीत आहे. चिडायचं नाही, आडनाव सांगून लगेच कामाचं बोलायला लागायचं.

आदरार्थी रूप इथे 'सा' लावून होतं: आलासा, जेवलासा, करतासा. 'जेवलासा काय?' हे जेवायचं आमंत्रण नव्हे. दुपारी बारा ते तीनमध्ये भेटलेल्या कुणालाही विचारतात. उत्तर 'झालं की' किंवा 'जातोय आता'. 'नाही अजून' म्हणालात तर समोरचा खरोखर ताट वाढायला सांगेल आणि तुमचा तास जाईल.

बरोबरीच्या पोरांत 'काय भावा', 'काय मर्दा' चालतं, थेट बेळगावपर्यंत. पण हे त्यांनी तुम्हाला म्हणायचं. तुम्ही 'दादा' म्हणा, वयस्कर असेल तर 'अण्णा', 'तात्या' किंवा 'आबा'. आणि मुली 'मी आलो', 'मी जातो' म्हणाल्या तर टॅबमध्ये बघत हसू नका, इकडे मुलींचं बोलणंच तसं आहे.

पिकाबद्दल, म्हणजे उसाबद्दल, विचारायचं झालं तर 'तोड आली का?' हा हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, चालणारा प्रश्न. 'बिल आलं का?' विचारू नये. बिल थकलेलं असेल तर पुढची वीस मिनिटं कारखान्यावर जातात आणि तुमची प्रश्नावली तशीच राहते.

---

लाल माती

कोकणाला एकच खण देऊ नका. कणकवली, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीत मालवणी. चिपळूण-गुहागरकडे वेगळं, तिथे कुणी 'खंय' (कुठे) म्हणत नाही. रायगडच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी, तिथलं 'कवा आयलास?' ऐकायलाही वेगळं लागतं.

सिंधुदुर्गात बोलणं घाटापेक्षा कमी शब्दांत होतं. रस्त्यात दोघे भेटले तर एक जण हनुवटी जराशी वर करतो आणि म्हणतो 'काय?' दुसरा म्हणतो 'काय नाय.' झालं, भेट संपली. त्यात तुटकपणा नाही, राग नाही. बाहेरच्याला वाटतं माणसं बोलत नाहीत. खरं तर तुम्ही फार बोलताय असं त्यांना वाटत असतं. पहिल्या दारी दीड मिनिटाची प्रस्तावना लावली तर समोरचा अर्ध्यावरच 'आमका काय नको' म्हणून आत जाईल. दोन वाक्यं बोला आणि थांबा. थांबलात की तो विचारतो.

मुंबईहून आलेल्याला ठरलेला प्रश्न म्हणजे 'कधी इलंस?' आणि पाठोपाठ 'कितके दिस आसस?' दुसरा प्रश्न ऐकून माणूस दुखावतो, याला माझं येणं नकोसं झालंय की काय. तसं काही नसतं. चाकरमान्याची रजा चतुर्थीला आणि मे महिन्यात ठरलेलीच असते, म्हणून तो विचारायचा प्रश्न झाला. तारीख सांगून मोकळं व्हावं.

'तू' म्हटल्याचं वाईट वाटून घेऊ नये. मालवणीत वडीलधाऱ्यांनाही सर्रास 'तू' असतं. आदर असतो तो हाकेत: तात्यानू, काकानू, गुरुजीनू. पण तुम्ही बाहेरचे, तेव्हा तुम्ही 'तुम्ही'च म्हणा. त्यांचं 'तू' ऐकून तुम्हीही 'तू'वर आलात तर ते उद्धट दिसतं. बाईमाणसाला घाटावर 'काय गं', इथे 'काय गो'. हेही फक्त कळण्यापुरतं.

अंगणाच्या कडेला उभं राहून हाक द्यायची, 'कोण आसा काय?' च्या ऐवजी साधं 'आहे का कोणी घरात?' चालतं. चपला खळ्याच्या, म्हणजे घरापुढच्या अंगणाच्या, बाहेर. खळं शेणानं सारवलेलं असेल तर त्यावर चपलेनं पाऊल टाकणं ही सगळ्यात मोठी चूक, त्यापुढे तुमचं नमस्कार-चमत्कार कुणी ऐकत नाही. 'येवा, बसा' म्हणाले की ओटीवर बसावं, आत शिरू नये. चहा बहुधा कोरा येईल. दूध विचारू नका.

पुढे गोव्यात गेलात तर 'कितें चल्लां?' आणि 'बरें मूं?' ऐकू येईल. 'बरें' एवढं उत्तर पुरतं. आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात, ते मात्र बाहेरच्यानं म्हटलेलं लोकांना आवडतं. निघताना 'मेळुया'.

---

पऱ्हाटी

अकोला, अमरावती, यवतमाळ. इथे उलट आहे. घाईनं कामाला हात घातला तर माणूस बंद होतो. आधी 'राम राम भाऊ', मग 'कसं काय, बरं हाय ना?', मग पाणी, मग पीक, आणि मग काम. पाण्याआधी कागद काढू नये. एप्रिल-मेमध्ये तर पाणी नाकारायचंच नाही. पोट भरलेलं असलं तरी दोन घोट घ्या. बाटली स्वतःची असली तरी ती त्या वेळी पिशवीतच राहू द्या.

पुरुषाला 'भाऊ', वाक्याच्या शेवटी 'जी' ('हो जी', 'काय म्हणता जी'). बाईला गावातली माणसं 'काव माय' म्हणतील, तुम्ही 'ताई' म्हणा. पोरांना 'पोट्टे' घरचे म्हणतात, पाहुण्यानं म्हणू नये. 'काहून' म्हणजे 'का', यात कुठलाही आव्हानाचा सूर नाही. 'काहून आले?' ऐकून पुण्याची पोरं गडबडतात. साधं 'कशाला आलात' एवढाच त्याचा अर्थ.

नागपुरात 'काय बे' हे दोस्तीतलं. अनोळखी माणसानं 'बे' लावला तर तिथेही शिवीच.

पिकाचं: पाऊस पडायच्या दिवसांत 'मृग बरसला का?' हा विचारायला सगळ्यात चांगला प्रश्न. मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं, पेरणीची घालमेल तेव्हाच असते. पुढे 'पऱ्हाटी (कपाशी) कशी हाय?' आणि दिवाळीनंतर 'वेचणी झाली का?' भावाचं स्वतःहून काढू नका, ते आपोआप निघतं.

आता महत्त्वाचं. विदर्भात अभिवादन एक नाही. 'जय भीम' आहे, आणि ते रुजलं याच मातीत. कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी ते रूढ केलं, हेच बाबू हरदास १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले होते. तुकडोजी महाराजांना मानणाऱ्या घरांत 'जय गुरुदेव', गोंड वस्तीत 'जय सेवा', बंजारा तांड्यावर 'जय सेवालाल', महानुभावांकडे 'दंडवत प्रणाम'. नियम एकच, जे आलं तेच परत करायचं. 'जय भीम'ला 'जय भीम'च. 'जय भीम'ला 'नमस्कार' किंवा 'राम राम' म्हणणं म्हणजे उत्तर नाकारणं, आणि ते तसंच ऐकलं जातं. इथे अजाणतेपणाची सूट मिळत नाही, कारण जाणूनबुजून असं करणारे लोक त्यांनी खूप पाहिलेले असतात.

---

नोंदवही

हे फार कामाचं. दोन शंका. दारावर निळा झेंडा किंवा घरात बुद्धमूर्ती दिसली तर मुलांनी स्वतःहून 'जय भीम' म्हणावं का? आणि चहा प्रत्येक घरी घ्यायचा तर दिवसाला पंधरा घरं कशी होणार?

---

पऱ्हाटी

अनोळख्यानं घर बघून 'जय भीम' म्हणणं म्हणजे 'तुमची जात ओळखली' असं सांगणं. काहींना ते आपुलकीचं वाटेल, काहींना आगाऊपणा. तुम्ही स्वतः एरवीही तेच म्हणत असाल तर बेलाशक म्हणा. नाहीतर 'नमस्कार'नं सुरुवात करा आणि समोरून काय येतं ते ऐका. आलेलं परत करणं कधी चुकत नाही.

---

मांजराकाठ

चहाचं मी सांगतो, लातूर-उस्मानाबादच्या हिशेबानं. (धाराशिव म्हणा. जुन्या माणसांशी बोलताना मात्र त्यांच्या तोंडी असेल ते नाव घ्या, तिथे दुरुस्ती करू नका.) 'नको' हे पहिल्यांदा म्हटलेलं धरतच नाहीत. दोनदा नको म्हटलं तरी आत भांडं चढलेलं असतं. नाकारायचं असेल तर कारण शरीराचं द्यावं, वेळेचं नाही. 'वेळ नाही' म्हटलं की 'आमच्या घरी प्यायला वेळ नाही होय' असं होतं. 'आत्ताच शेजारी झाला' हे तर त्याहून वाईट, कारण त्या शेजाऱ्याशी यांचं बांधावरून वाजलेलं असू शकतं. 'पित्त होतंय, पाणी द्या' म्हणा. किंवा 'अर्धाच द्या' म्हणा आणि तो खरोखर प्या. कप तसाच ठेवून उठलात तर चहा न घेतलेला बरा होता. गावात शिरल्यावर पहिल्या तीन घरी घ्या, पुढे पित्त सुरू करा. एका आळीत एकाकडे पित्त आणि दुसऱ्याकडे चहा असं होऊ देऊ नका, संध्याकाळपर्यंत कळतं.

बोलणं: 'काय करलालाव?', 'कुठं चाललाव?' ही आदरार्थी रूपं आहेत, उर्मट नाहीत. 'बरंय का?'ला 'बरंय' एवढंच. मग घरचे, लेकरं, जनावरं अशी चौकशी क्रमानं येते. तुम्हीही त्याच क्रमानं उलट विचारा, निदान 'लेकरं बरी हैत ना' एवढं तरी. आमच्याकडे लेकरंच म्हणतात. 'मुलं' म्हटलं की शाळामास्तर आल्यासारखं वाटतं. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात 'रास झाली का?' (मळणी झाली का) विचारा, सोयाबीनची विचारताय हे सांगावं लागत नाही.

हाक: 'मालक'. शेतावरच्या माणसाला, दुकानदाराला, रिक्षावाल्याला, सगळ्यांना चालते. लिंगायत घरी 'शरणु शरणार्थी' आलं तर तेच परत. वारकरी असेल तर 'राम कृष्ण हरी', गळ्यात तुळशीची माळ दिसेलच. मुस्लिम घरी सलाम आला तर 'वालेकुम सलाम'.

आणि 'बे'बद्दल थोडी दुरुस्ती. सोलापूर शहरात 'काय बे' हे नागपूरइतकंच सैल आहे, पण शहर सोडून तीस-चाळीस किलोमीटर गेलं की नाही. एकूण पाहणीवाल्यांनी विसरावं हे अक्षर.

---

ऊसपट्टा

बायकांना काय म्हणायचं ते राहिलं, आणि सगळ्यात जास्त तिथंच घोळ होतो.

'ताई' साधारण चाळिशीपर्यंत सगळीकडे सुरक्षित. 'वहिनी' म्हणजे नवऱ्याशी तुमची ओळख आहे असं गृहीत धरणं. तरुण पोरानं एकट्या बाईला दारात 'वहिनी' म्हणू नये. 'मावशी' खेड्यात अगदी मानाचं, पण पुण्या-मुंबईत कामाला येणाऱ्या बाईंना मावशी म्हणायची सवय पडल्यामुळे तालुक्याच्या कॉलनीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला ते लागतं. तिथे 'काकू'. 'बाई'चं उलटं: शहरात कामवाली, गावात शाळेतल्या बाई. कोल्हापूर-सोलापूरकडे म्हाताऱ्या बाईला 'आक्का' किंवा 'आत्या', मराठवाड्यात 'माय', आणि कुठंच काही सुचलं नाही तर 'आजी', पण केस पूर्ण पांढरे असतील तरच.

घरात पुरुष नसेल तर मुलानं उंबऱ्याबाहेर, शेजारच्या घरातून दिसेल असं उभं राहावं. बसायला सांगितलं तर पायरीवर. हातात हात द्यायला जाऊ नये, नमस्कार लांबूनच.

दक्षिण महाराष्ट्रात जैन शेतकरी कुटुंबं बरीच आहेत. 'जय जिनेंद्र' आलं तर तेच परत, हे वरच्या नियमातच बसतं.

---

तापीकाठ

नंदुरबारबद्दल थोडक्यात. सपाटीवर अहिराणी आणि गुजर गावं, वर सातपुड्यात भिल्ल-पावरा. दोन वेगळे जिल्हे धरा.

सपाटीला 'राम राम दादा', मग 'काय चाली राहिनं?' याला 'बस, चालू आहे' पुरतं. अहिराणी बोलणारा माणूस परक्याशी लगेच प्रमाण मराठीत येतो, तेव्हा अडचण येत नाही. फक्त आपसात ते अहिराणीत बोलायला लागले की तुम्हाला वगळलं असं समजू नका. जळगावकडे उतरलात तर केळीच्या भावाशिवाय गप्पा संपत नाहीत.

डोंगरात 'आप की जय' ऐकाल. संत गुला महाराजांच्या चळवळीतून आलेलं अभिवादन आहे, त्याला 'आप की जय' हेच उत्तर. अलीकडे 'जोहार' आणि 'जय आदिवासी'ही. पाड्यावर घरं एकमेकांपासून लांब असतात, तेव्हा लांबूनच हाक द्या आणि थांबा. न हाक देता थेट झोपडीपाशी पोचणं वाईट. आधी पाड्यातल्या कारभाऱ्याला किंवा पोलीस पाटलाला भेटा. तो बरोबर आला तर अभिवादनाचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत. मराठी सावकाश बोला, मोठ्यानं नको. न समजणाऱ्याशी ओरडून बोलायची शहरी खोड तिथे फार जाणवते.

---

उंबरा

निघतानाचं कुणी लिहिलं नाही.

'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे पुण्या-मुंबईच्या मुलांनाही माहीत असतं. सिंधुदुर्गात ते 'येतंय हां', कोल्हापुरात 'येऊ काय?' यातलं 'काय' खरंच प्रश्न आहे. 'या' म्हणेपर्यंत थांबायचं. 'येऊ काय' म्हणत पाठ फिरवली तर विचारलंत कशाला, असं होतं.

कुठल्याही घरी एखादा माणूस बाहेर पडायच्या तयारीत दिसला तर 'कुठे निघालात?' असं तोंडावर विचारू नये. जुन्या माणसांत निघताना 'कुठे' विचारणं अपशकुनाचं मानतात. विचारायचंच असेल तर 'लांबचा दौरा का?' असं. तुम्हाला कुणी विचारलं तर 'हे काय, इथंच पुढच्या आळीत'. गावभर कुठल्या कुठल्या घरी जाणार याची यादी वाचून दाखवू नका.

आणि पाहणीत हमखास येणारी गोष्ट: दुःख झालेलं घर. अंगणात माणसं बसलेली, डोकी नुकतीच भादरलेली, चूल थंड. अशा घरी प्रश्नावली काढायची नाही, हे सांगायला नको. पण चुकून आत शिरलातच तर 'नमस्कार', 'राम राम' काही म्हणू नका. हात न जोडता मुकाट्यानं दोन मिनिटं बसा. 'कसं झालं' असं फक्त घरच्यानंच विषय काढला तर विचारा. उठताना 'येतो' म्हणायचं नाही, तिथे परत येण्याचं बोलत नाहीत. घरचेही 'या' म्हणत नाहीत आणि दारापर्यंत पोचवायला उठत नाहीत. त्याला अनादर समजू नका, न बोलता उठून चालू लागा. त्या घराची नोंद चौदा दिवस पुढे ढकला आणि पुढच्या वेळी गावातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन जा.

---

नोंदवही

चौदा दिवसांची मुदत फॉर्ममध्ये नाही, 'घर बंद' एवढाच पर्याय आहे. तिथे 'नंतर भेट' असा रकाना टाकून घेतो. बाकी हे सगळं जिल्ह्यानुसार दोन-दोन पानांत छापतो. ऊसपट्टा, संबोधनांचं तेवढं वयानुसार करून द्याल का?

---

ऊसपट्टा

देतो की. पण वयाचा अंदाज पोरांनी मनानं कमी धरायचा, तेवढं वर ठळक छापा. पन्नाशीच्या बाईला आजी म्हटलं तर पुढचे सगळे रकाने रिकामे.